चालणं चालू ठेवा, पण आता वजनही उचला

सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या मैदानावर जा, नाहीतर इंदिरानगरच्या किंवा कृष्णनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. पंचेचाळीस ते साठीच्या बायकांचे घोळके झपाझप चालताना दिसतील. नाशिकला चालण्याचं वेड आहे आणि ते चांगलंच आहे. हृदय, साखर, झोप, डोकं, सगळ्यालाच चालण्याचा फायदा होतो. पण पाळी जायच्या सुमारास हाडांची आणि स्नायूंची जी झीज सुरू होते, ती नुसत्या चालण्याने थांबत नाही. त्यासाठी वजन उचलावं लागतं आणि ते वजन हळूहळू वाढवत न्यावं लागतं. जिने आजवर डंबेल हातात धरलेलं नाही, तिने सुरुवात कशी करायची ते इथे सांगते.

आत काय चाललेलं असतं

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. अमेरिका-युरोपात ते ५१ च्या जवळ. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं डॉक्टर धरतात. पण त्याआधीची काही वर्षंच जास्त छळतात: पाळी कधी पंधरा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, रात्री अंगातून गरम वाफा, तीन वाजता टक्क जाग आणि घरातल्यांवर विनाकारण चिडचिड. या काळात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन कमी होतं. आपलं शरीर हाड सतत थोडं मोडत आणि नव्याने बांधत असतं. मोडण्याच्या कामाला इस्ट्रोजेन आवर घालतं. तो आवर सुटला की मोडणं पुढे आणि बांधणं मागे. पाळी गेल्यानंतरच्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. स्नायू तर तिशीनंतरच दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के घटत असतात. हे सगळं गुपचूप होतं. मग एक दिवस जमिनीवरून उठताना हाताचा टेका घ्यावा लागतो, आणि आपण गुडघ्याला दोष देतो.

हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार आला की ते मजबूत व्हायचा प्रयत्न करतं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांवर एक अभ्यास झाला. त्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. मात्र तिथे जाणकार प्रशिक्षक शेजारी उभा होता, आणि पहिला महिना हलक्या वजनावर तंत्र शिकण्यातच गेला होता. हा महिना आपल्यालाही चुकवायचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही चालण्या-धावण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलेला आहे. दोनच दिवस. म्हणजे ट्रॅक सोडायची गरज नाही.

दोन शंका कायम ऐकू येतात. "दिवसभर घरात राबतो, तोच व्यायाम नाही का?" राबणं खरंच आहे, पण वीस वर्षं तीच कळशी, तीच बादली आणि तोच केर. शरीराला त्याची सवय झालेली असते, त्यातून नवी ताकद येत नाही. "दंड पुरुषांसारखे होतील का?" नाही. तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आपल्या अंगात नसतं. सूर्यनमस्कार आणि योगासनं करत असाल तर जरूर चालू ठेवा. त्यात वजन वाढवत नेता येत नाही, एवढीच अडचण.

डॉक्टरांकडे एक चक्कर

बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व एवढं तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन जिने चढूनच दम लागतो, मग वजनाला दोष का द्यायचा? बीपी आटोक्यात नसेल तर आधी ते आटोक्यात येऊ द्या.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. ती पासष्टीनंतर सगळ्याच बायकांना सांगतात. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, साध्या पडण्याने मनगट मोडलेलं असेल, आई-वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असेल, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा अंगकाठी फारच बारीक असेल, तर त्याआधीच विचारून घ्या. रिपोर्टवर टी-स्कोअर असतो: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ऑस्टिओपोरोसिस असेल तर वजन उचलायचं नाही असं नाही, पण घरच्या घरी सुरू करू नका. फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली शिका. पाठ गोल करून पुढे वाकणं आणि कंबर झटक्याने पिळणं, दोन्ही बंद. पोटासाठी सिटअप्स आणि पाय लांब करून कपाळ गुडघ्याला टेकवणारी आसनंसुद्धा त्यात आली.

गर्भाशयाची पिशवी काढलेल्यांनी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. आपल्याकडे बऱ्याच जणींचं पिशवीचं ऑपरेशन चाळिशीत, कधी त्याआधीच झालेलं असतं आणि आत नेमकं काय काय काढलं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. अंडाशयंही काढली असतील तर मेनोपॉज त्याच दिवशी सुरू झाला. हाडांचा हिशेब तेव्हापासून धरायचा. अंडाशयं ठेवली असतील तर मेनोपॉज पुढे कधीतरी येतो. पाळीच नसल्यामुळे तो आल्याचं कळत नाही, तेव्हा वाफा आणि झोप यांकडे लक्ष ठेवा.

एक गोष्ट आपण मैत्रिणीलाही सांगत नाही. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी सुटते का? किंवा खाली जड वाटतं, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओ असतात. हे वयाचं दुखणं म्हणून सहन करत बसायचं काही कारण नाही, आणि हे ठीक करून घेतल्यावर वजन उचलता येतं.

पहिला महिना, घरीच

आठवड्याचे दोन वार ठरवा, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर ठेवा. मंगळवार-शुक्रवार म्हणा. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र कपड्याच्या आत सरकवा किंवा काढा. वाकल्यावर ते लोंबतं आणि लक्ष तिकडेच जातं. ओढणी नको. बूट सपाट तळाचे, नाहीतर अनवाणी. जाड गुबगुबीत सोलच्या चालण्याच्या बुटात वजन उचलताना पाय डगमगतो.

सुरुवातीला स्वतःला एकदा मोजून घ्या. हात नसलेली खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर घडी करून ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली मानतात. तुम्ही पन्नाशीच्या असाल तर त्याहून वर असायला हवं. आकडा वहीत लिहा.

हालचाली पाचच: बसणं-उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं.

बसणं-उठणं खुर्चीवरच. हळू बसायचं, तीन अंक मोजत, धपकन नाही. सोपं झालं की पोटाशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरा.

ढकलण्यासाठी स्वयंपाकघराचा ओटा. ओट्याच्या कडेवर तळवे, पाय मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेषा. छाती ओट्याजवळ न्या आणि ढकलून परत या. जमत नसेल तर भिंतीवर करा. ओट्यावर बारा सहज झाले की खाटेच्या काठावर या. पुश-अप जितक्या खालून, तितका जड.

ओढणं म्हणजे एक हात टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढायची. कोपर मागे जायला हवं, खांदा कानाकडे नको.

कमरेतून वाकून उचलायला मात्र वेळ द्या, कारण आपल्या सगळ्यांच्या कंबरदुखीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. वायपरचा दांडा घ्या. तो पाठीवर उभा धरा, एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड. पाय कमरेइतके लांब, गुडघे किंचित सैल. आता कुल्ले मागे ढकला, जणू हातात धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे आणि मागचं कपाटाचं दार कुल्ल्यानेच लोटायचंय. धड आपोआप पुढे झुकेल. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की थांबा आणि परत उभ्या राहा. तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला राहिला तर पाठ सरळ आहे. माकडहाडापासून सुटला तर कंबर गोल झाली, डोक्यापासून सुटला तर मान खाली पडली. आपण केर काढताना, फरशी पुसताना नेमक्या गोल पाठीने वाकतो, म्हणून ही हालचाल सुरुवातीला परकी वाटते. दोन आठवडे नुसता दांडा. मग स्टुलावर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन ठेवा आणि त्याच पद्धतीने उचला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब सोपा. पाठ नीट राहत असेल तर स्टुलाऐवजी पाट.

शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालायचं. मनगटं, पकड, पाठ, खुबा, सगळं यात येतं. रविवार कारंज्यावरून भाजी आणतो तसंच, फक्त तिथे सगळा भार एकाच खांद्यावर येतो. इथे दोन्हीकडे समान ठेवायचा.

प्रत्येक हालचाल ८ ते १० वेळा, असे २ सेट. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं बसा. खरंच बसा, त्या वेळात कुकर लावायला जाऊ नका. श्वास रोखायचा नाही: जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. उचलण्याच्या क्षणाआधी लघवी धरून ठेवल्यासारखं आत-वर ओढून घ्या.

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी. स्नायूंची अशी बोथट दुखणी चालतात. सांध्यात टोचणारी, एकाच जागी उठणारी किंवा रात्री झोपू न देणारी कळ चालत नाही. खांद्याबद्दल थोडं जास्त सावध राहा. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये खूप दिसतो, मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी. हात डोक्यावर नेताना अडत असेल तर डोक्यावर वजन उचलणं सध्या बाजूला ठेवा, बाकीच्या हालचाली चालू राहतात.

जिम कशी निवडायची

घरी महिना-दीड महिना झाला की पिशव्या आणि कॅन अपुरे पडायला लागतात. तेव्हा जिम. बागेतली ग्रीन जिम वॉर्मअपला बरी आहे, पण तिथे वजन वाढवता येत नाही. कॉलेज रोड-गंगापूर रोडला काचेच्या चकाचक जिम आहेत, सिडको-सातपूरच्या गल्ल्यांत साध्या आहेत. एसी आणि आरसे यांवर जाऊ नका. आत हलक्यापासून जडपर्यंत डंबेल्स आहेत का, रॉड आणि प्लेट आहेत का, आणि शिकवणारा माणूस बोलतो तेवढंच ऐकूनही घेतो का, हे बघा.

पहिल्याच दिवशी बहुतेक ठिकाणी विचारतात, "वजन कमी करायचंय ना, मॅडम?" आणि ट्रेडमिलवर उभं करतात. चालायचंच असतं तर ट्रॅक फुकट होता. सरळ सांगा: मला ताकद वाढवायची आहे, पाळी जातेय किंवा गेलीय, मला अमुक दुखणी आहेत, मला स्क्वॉट (वजन घेऊन बसणं-उठणं) आणि डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं) नीट शिकवा. ट्रेनर हे ऐकून गडबडला किंवा गुलाबी एक किलोची डंबेल्स हातात देऊन "पन्नास वेळा मारा, काकू" म्हणाला, तर दुसरी जिम बघा. एक किलो पन्नास वेळा उचलून हाडाला काहीही कळत नाही. आपण कडेवर यापेक्षा जड नातवंडं घेऊन फिरतो. ट्रायलचा दिवस मागा, आणि दुपारची लेडीज बॅच असेल तर त्या वेळी जाऊन बघा. गर्दी कमी असते, शिकवायला वेळ मिळतो. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही दाखवली तरी.

ऑलिंपिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो, म्हणून पहिल्या दिवशी तो नको. डंबेल किंवा हलका रॉड घ्या. घाबरायला होत असेल तर एवढं आठवा: भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, आणि तो आपण आजवर कुठलंही तंत्र न शिकता ओढत, ढकलत, तिरपा करत आलो आहोत.

वजन कधी वाढवायचं

बहुतेक जणी इथेच अडकतात. सहा महिने जिमला जातात आणि सहा महिने तेच तीन किलो.

नियम साधा आहे. सेट संपला तेव्हा आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. आणखी दहा जमले असते तर वजन हलकं आहे. शेवटचा वेडावाकडा झाला तर जड आहे. ३ सेट, प्रत्येकी १२, असे सलग दोन वेळा नीट जमले की पुढच्या खेपेला हाताच्या व्यायामाला अर्धा-एक किलो, पायाच्या आणि डेडलिफ्टच्या व्यायामाला दोन किलो वाढवा आणि परत ८ वर या. वहीत तारीख, व्यायाम, वजन आणि किती वेळा, एवढं लिहा. तीन-चार महिन्यांनी तंत्र पक्कं झालं की ट्रेनरच्या देखरेखीत आणखी जड वजन, ५-६ वेळाच, असं करता येतं. हाडांवर परिणाम हवा असेल तर तिथपर्यंत जायला हवं.

हाडांना आघातही लागतो. गुडघे, हाडं आणि ओटीपोट ठीक असेल तर जागच्या जागी दहा-वीस छोट्या उड्या मारा. श्रावणात मंगळागौरीच्या सरावाला जात असाल तर झिम्म्यात हे आपोआप होतं. फुगडीचा वेग मात्र हाडं विरळ असलेल्यांनी टाळावा, तिथे पडण्याची भीती जास्त. आणि दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, तोल सुधारतो.

ताटात काय

प्रथिनाशिवाय स्नायू बांधले जात नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. या वयात वजन उचलणाऱ्या बाईने १ ते १.२ ग्रॅम धरावं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण यात हा आकडा गाठत नाही. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १५. घट्ट डाळ, मटकीची उसळ, दही, ताक, दूध हे प्रत्येक जेवणात थोडं थोडं वाटून घ्या. मिसळीत मटकी असते हे खरं, पण आपल्या नाशिकच्या मिसळीत मटकी कमी आणि रस्सा-पाव जास्त, त्यामुळे तो हिशेब नको.

पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, त्यासाठी उत्तम. १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम. भाकरी, आंबील, काहीही करा. तीळ, दूध, दही आहेतच. गोळ्या मनाने सुरू करू नका.

उपवास हा आपला हळवा विषय. सोमवार, चतुर्थी, एकादशी, वर नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. उपवास करायचाच तर राजगिरा, शेंगदाणे, दही आणि दूध यांवर करा, आणि कडक उपवासाच्या दिवशी जड वजन उचलू नका. वार एक दिवस पुढे ढकला.

वाईट दिवस

रात्री चार वेळा घामाने उठलेल्या बाईला सकाळी डेडलिफ्ट कर म्हणणं निर्दयपणाचं आहे. अशा दिवशी वजन निम्मं करा, सेट एकच करा, पण वार चुकवू नका. सुती सैल कपडे, पंखा आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. एप्रिल-मे महिन्यात नाशिकची दुपार आता पूर्वीची राहिलेली नाही, तेव्हा सकाळीच उरका. वाफा फारच त्रास देत असतील तर हार्मोनचे उपचार आपल्याला योग्य आहेत का, ते स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा; आपल्याकडे हा विषय उगाच घाबरून सोडून दिला जातो.

छातीत दाब, चक्कर, अचानक लागलेला दम किंवा पायात उतरणारी कंबरेची कळ यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर, तरी व्यायामामुळे असेल असं म्हणून सोडू नका, तपासून घ्या.

वजनकाट्यावर फारसा फरक दिसणार नाही, त्याच्याकडे बघून नाराज होऊ नका. तीन महिन्यांनी तीच खुर्चीची चाचणी परत घ्या, किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढून बघा. डेक्साची घाई नको. हाडांतला बदल फार हळू होतो, म्हणून ती डॉक्टर सांगतील तशी, सहसा एक-दोन वर्षांनी करतात. दुसऱ्या वेळी शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी नीट ताडून बघता येत नाहीत.